बाहेर पडलेला लंब

मी रुद्रप्पा मास्तरांच्या बाहेरच्या खोलीतला फळा बोलतोय. बार्शीच्या एका सुताराने सागवानी फळ्या जोडून मला केलं. शाळेत सिमेंटचे फळे आले तेव्हा मी अडगळीत पडलो. मास्तरांनी मला हातगाडीवर घालून आमच्याच गावच्या शुक्रवार पेठेत, त्यांच्या घरी आणलं. तेव्हापासून माझ्यावर भूमितीच. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता.

मास्तर मुलांना पुण्याच्या गणित स्पर्धेसाठी तयार करायचे. आकृतीत दिसतंय म्हणून काही मानायचे नाहीत. "दिसतंय म्हंजे? कारण लिही," एवढंच म्हणायचे.

एकाहत्तर साली त्यांचा मुलगा भीमाशंकर स्पर्धेला बसला आणि मागे पडला. कुठं चुकलं ते पुण्याला जाऊन परीक्षकांना विचारून आला.

"आप्पा, तिन्ही शिरोलंब एका बिंदूत मिळतात, हेच सिद्ध करायचं होतं. मी तुमचीच सिद्धता लिहिली. ती अपुरी हाय म्हणाले."

"वीस वर्षं तीच शिकवतोय. तूच कुठंतरी चुकलास."

भीमाशंकर उठून बाहेर गेला. पुढं कॉलेज सोडून बार्शीला एसटीत कंडक्टर झाला. घरी येईना. मास्तरही पत्र टाकेनात. माझ्यावर रोज लिहिलं जाई, रोज पुसलं जाई. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मास्तरांनाही वाटत नसावं.

चार वर्षांनी अजीजा येऊ लागली. ट्रकवाल्या राजेसाबची नववीतली मुलगी. मास्तरांनी तीच सिद्धता लिहिली. तिनं एकेक पायरी वाचली.

"सर, तुमी त्रिकोण कायम असाच काढता. अ कोन काटकोनापेक्षा मोठा घेतला तर?"

तिनं शेजारी तसा त्रिकोण काढला. लंब बाहेर पडला.

"हितं हे दोन कोन समोरासमोर येतच न्हाईत. तुमची तिसरी पायरी चालत न्हाई. ह्याला येगळं लिहायला पायजे की."

मास्तरांनी तिसरी पायरी तिच्या आकृतीशी ताडून पाहिली.

"व्हय," ते म्हणाले. "न्हाई चालत."

उरलेला भाग तिनंच लिहिला. दुसऱ्या दिवशी मास्तर बार्शीला भीमाशंकरकडे जाऊन आले.

संध्याकाळी अजीजानं विचारलं, "काय म्हणाले?"

"मी म्हटलं, चूक माझी होती. तो 'बरं' म्हणाला."

"आणि?"

"ड्युटी होती त्याला."

मास्तर रडले नाहीत. हातपाय धुऊन पुढचं प्रमेय काढलं.

दोन महिन्यांनी, एका रविवारी भीमाशंकर आला. अजीजाची सिद्धता मास्तरांनी पुसू दिली नव्हती. ती त्यानं उभ्यानं वाचली.

"कुणी केलं?"

"अजीजानं."

"चांगलं केलंय."

जेवला, ताट उचलून ठेवलं, चारच्या गाडीनं गेला. आता अधूनमधून येतो. बोलणं फारसं नसतं.

अजीजा स्पर्धेत निवडली गेली. आता पुण्यात शिकते. मला चिरा पडल्यात, खडू नीट उठत नाही. मास्तरांना मोतीबिंदू झालाय. तरी कुणाला भूमिती शिकायची असेल तर या. ते बसलेलेच असतात. पहिल्याच दिवशी ते सांगतील, "मी लिहितो ते बरोबरच असंल असं न्हाई. तपासून घ्या."