मालावरची चंदेरी गोधडी

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. पण मला पांघरून आजवर कोणी झोपलेलं नाही. विमानाने परदेशी जाणाऱ्या भाज्या, फळं आणि मासे यांच्यावर घालायची मी जाड चादर. बाहेरून चंदेरी, आतून हवेच्या बारीक फुग्यांचे थर. कागदोपत्री माझं नाव चांगलं लांबलचक आहे, पण ते उच्चारायला कोणाला वेळ नसतो. मालगोदामात सगळे मला गोधडीच म्हणतात.

एका कारखान्यात लांबच लांब टेबलावर माझे थर एकमेकांवर बसवले गेले. कडा जोडणाऱ्या बाईने माझा कोपरा धरून जोरात हिसका दिला, शिवण बघितली आणि शेजारणीला म्हणाली, "ही टिकेल." एवढं बोलून तिने पुढची चादर ओढली. माझं कौतुक म्हणाल तर तेवढंच. पण ते मी बरीच वर्षं पुरवून वापरलं.

माझं काम समजायला सोपं आहे. शीतगृहात गारवा असतो. विमानाच्या पोटातही असतो. मधली वाट मात्र उघडी. विमान उभं राहतं तिथली काँक्रीटची फरशी उन्हाने अशी तापते की बुटांचे तळ चिकटतात. तिथे अर्धा-पाऊण तास उभं राहिलं की भाजी मान टाकते, गोठवलेल्या माशांच्या खोक्यांना घाम फुटतो. त्या तेवढ्या वेळासाठी मी असते. मी काही गार करत नाही, बरं का. आत जे जसं आहे ते तसंच राहू देते. बस.

आमच्या गोदामातून विमानापर्यंत माल नेणारा ट्रॅक्टरवाला होता. त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण पहाटे कामावर आला की जो सुरू व्हायचा तो घरी जाईपर्यंत बंद होत नसे. भाजीशी बोलायचा, ट्रॅक्टरशी बोलायचा, माझ्याशीही बोलायचा. "चल ग बाई, निघालीस फिरायला. आम्ही आहोतच इथे ऊन खायला."

रेडिओचा धाकटा भाऊ माझ्या प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रापलीकडच्या विमानतळावर, माल उतरवायला होता. म्हणजे थोरल्याने मला पांघरायची आणि धाकट्याने काढायची. धाकटा माझी घडी नीट घालायचा, कोपऱ्याला कोपरा जुळवून. एकदा त्याने मार्करने माझ्या आतल्या बाजूला लिहिलं, "दादा, जाडा झालास म्हणे." परतीच्या विमानाने मी आले तेव्हा रेडिओ ते वाचून इतका हसला की ट्रॅक्टर बंद करायचा विसरला. त्याने खाली लिहिलं, "तुझी वहिनी खोटं बोलते."

असं चार-पाच वेळा चाललं. मग ते आमच्या पर्यवेक्षक बाईंच्या नजरेला पडलं. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना फूटपट्टी म्हणायचे. त्यांच्या गोदामात खोकं बोटभरही वाकडं चालत नसे. त्यांनी रेडिओला बोलावलं.

"हे काय आहे?"

"निरोप आहे बाई. भावाचा."

"ही गोधडी आहे, पोस्टकार्ड नाही. पुसा."

रेडिओने पुसलं. पुढे ते फोनवरच बोलत असावेत.

काही महिन्यांनी एके दिवशी रेडिओ कामावर आला आणि बोललाच नाही. कोणीतरी विचारलं, घसा बसला का? त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तो माल चढवत होता, पट्टे आवळत होता, सगळं बिनचूक करत होता. मला घालताना त्याचे हात नेहमीसारखेच चालले, पण माझ्याशी तो एक शब्द बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या विमानाची यादी आली. कारकुनाने मोठ्याने वाचली. उतरवायचा माल: यंत्राचे सुटे भाग, औषधं, आणि एक शवपेटी. चढवायचा माल: मटाराच्या कोवळ्या शेंगा.

"पेटी कोण आणतंय?" कारकुनाने विचारलं.

"मी आणतो," रेडिओ म्हणाला. तीन दिवसांत तेवढंच बोलला.

शेंगांवर मला घालून तो निघाला. मागे एक रिकामी ट्रॉली होती. विमान आलं. आधी पेटी उतरली. साध्या लाकडाची, वर प्लास्टिक गुंडाळलेलं, त्यावर वजनाची चिठ्ठी. रेडिओने ती ट्रॉलीवर घेतली, पट्टे बांधले, दोनदा ओढून बघितले. मग कळलं की आरोग्य खात्याच्या डॉक्टरांचा शिक्का एका कागदावर राहिलाय. डॉक्टर दुसऱ्या इमारतीत होते. ते येईपर्यंत पेटी जागची हलवायची नाही. तेवढ्यात विमानातही काहीतरी बिघाड निघाला, आणि शेंगा चढवणंही थांबलं.

डोक्यावर भर दुपारचं ऊन. एका ट्रॉलीवर शेंगा, एका ट्रॉलीवर पेटी. गोधडी एकच, आणि ती शेंगांवर.

रेडिओ दोन्ही ट्रॉल्यांच्या मधे उभा राहिला. पेटीवरचं प्लास्टिक तापून चुरचुरत होतं. त्याने एकदा माझ्या कोपऱ्याला हात लावला आणि काढून घेतला. त्याचं काम शेंगा गार ठेवायचं होतं, आणि तो ते करत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मलाही काही वाटत नव्हतं, मित्रांनो. मी सवयीप्रमाणे आतला गारवा धरून बसले होते.

अर्ध्या तासाने फूटपट्टी बाई उन्हातून चालत आल्या. उशीर का, हे बघायला. त्यांनी पेटीवरचा कागद हातात घेतला. आडनाव वाचलं. मग रेडिओच्या छातीवर लटकलेलं ओळखपत्र वाचलं.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"धाकटा."

"कशाने?"

"पाळी संपवून झोपला. उठलाच नाही."

"आणि तुम्ही कामावर आलात?"

"घरी बसून काय करू, बाई? तो यायचा होता तो इथेच."

बाईंनी कागद परत पेटीवर खोचला. त्यांनी शेंगांच्या ट्रॉलीपाशी येऊन माझे बंद सोडायला सुरुवात केली.

"बाई, माल खराब होईल," रेडिओ म्हणाला.

"तिकडची बाजू धरा."

दोघांनी मला उचललं आणि पेटीवर घातलं. बाईंनी चारी कोपरे खाली ओढून नीट खोचले. मग कारकुनाला फोन करून त्यांनी दुसरा ट्रॅक्टर मागवला आणि शेंगा परत शीतगृहात पाठवल्या. डॉक्टर यायला आणखी पाऊण तास लागला. तेवढा वेळ बाई ट्रॉलीच्या एका बाजूला आणि रेडिओ दुसऱ्या बाजूला उभा होता.

शेंगांचं ते विमान चुकलं. गोदामात पोचेपर्यंत त्या मऊ पडल्या होत्या, त्या परदेशी गेल्याच नाहीत. बाईंकडून वरून लेखी खुलासा मागितला गेला. त्यांनी एकच ओळ लिहिली: "चादर मी काढली." त्या वर्षी चोख कामाची ढाल आमच्या गोदामाला मिळाली नाही. बाईंनी कारण कोणाला सांगितलं नाही आणि रेडिओनेही नाही.

रेडिओ पंधरा दिवसांनी कामावर परतला. गप्पच होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या घडीवर बसला असताना त्याच्या आईचा फोन आला. आईला कमी ऐकू येत असावं. बोलणं मोठ्याने चाललं होतं.

"एक विचारू का रे? एवढ्या लांबून आणला त्याला. वाटेत उन्हात तर नाही ना ठेवला?"

रेडिओने माझ्या कोपऱ्यावरून हात फिरवला.

"नाही आई. पांघरूण घातलं होतं."

"कोणी घातलं?"

"आमच्या बाईंनी. आणि मी."

"बरं केलंत," आई म्हणाली. "बरं केलंत रे."

त्याने फोन खिशात ठेवला. मग खाली वाकून, दोन्ही हातांत तोंड धरून, पहिल्यांदा रडला. शीतगृहाचं दार उघडून कोणी बाहेर आलं, त्याला बघून पुन्हा आत गेलं आणि दार हळूच ओढून घेतलं.

आता माझी चंदेरी कातडी ठिकठिकाणी तडकली आहे, शिवण दोन जागी उसवली आहे. मी मागच्या भिंतीशी पडून असते. नव्या चादरी हलक्या आहेत, चांगल्या आहेत. मित्रांनो, तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. आमच्यासारख्यांना फरशीवरून फरफटत नेऊ नका. कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घाला. आणि कोणी उन्हात थांबलेलं दिसलं, तर यादीत काय लिहिलंय ते नंतर बघा.