पातेल्यात गेली की नाही

पोंभुर्ण्याजवळच्या त्या गावात सात्या निवडाव्यात तर कुंताबाईनंच. वारुळावर उगवणाऱ्या या पांढऱ्या अळंबीच्या छत्र्या; त्यांच्यात एखादी विषारी घुसलीच तर म्हातारीचा हात नेमका तिच्यावर पडायचा. सत्तरी ओलांडली तरी हातानं दगा दिला नव्हता. दगा द्यायला लागलं होतं डोकं.

भाजीत दोनदा मीठ पडलं, तेव्हा मुलगा भूपेश तिला दवाखान्यात घेऊन गेला. "आजी, जुनं पक्कं राहते," डॉक्टरीण म्हणाली, "पण आत्ताचं डोक्यात धरून ठेवायची ताकद वयानं कमी होते. मधात दुसरं काही आलं का पहिलं सुटते." घरी येताच भूपेशनं ठणकावलं, "माय, आणखी एक भानगड झाली का चूल भाग्यश्रीच्या हाती." सुनेला ती काही पाण्यात पाहत नव्हती. पण चूल गेली की खाटेवर पडून मरणाची वाट पाहणं तेवढं उरतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आज भूपेश, भाग्यश्री आणि नात आचल, सगळे धानाच्या रोवण्याला गेले होते. सात्या निवडताना बुडाशी पिशवी असलेली एक विषारी हाताला लागली. "आली का वो सटवे!" म्हणत तिनं ती उचलली, तोच फोन वाजला.

"माय, आमी निंगालो. आचलले लय भूक लागली."

"या, या. भात झालाच."

भाजी रटरटायला लागली, घरभर वास सुटला, आणि मग तिला ती विषारी आठवली. कुठं टाकली? चुलीत? उकिरड्यावर? की बाकीच्यांबरोबर पातेल्यात?

म्हातारीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं राख उकरली, उकिरडा पाहिला. लहानपणी आईनं सात्या दाखवल्या तेव्हा आईच्या लुगड्याचा काठ कसा होता, तेही तिला आठवत होतं. घटकाभरापूर्वीचं मात्र काहीच नाही. तिनं कपाळावर मुठी मारून घेतल्या. आपणच आधी खाऊन पाहावं? पण हे विष लगेच बोलत नाही. तोवर नात जेवून झोपलेली असायची.

अंगणात आवाज आले. कुंताबाईनं पातेलं उचललं, शेणखड्ड्यात पालथं केलं आणि वर माती ओढली.

"माय, काय करून राह्यली?" भूपेश ओरडला.

तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग पळी स्वतःच सुनेच्या हातात दिली. "घे पोरी. माह्याच्यानं नाई होत आता."

"आजी, हे काय व्हय?" सुपाखालून आचलनं पळसाच्या पानाची पुडी काढली. आत तीच होती, बुडाशी पिशवी असलेली.

"म्हंजे भाजी चांगलीच होती!" भूपेशला हसू फुटलं. भाग्यश्रीनं पळी परत पुढं केली. "घ्या आई. तुमचं काई चुकलं नोतं."

कुंताबाई पुडीकडे पाहत राहिली. पान नीट दुमडलेलं होतं, वर काडी टोचलेली होती. एवढं सगळं तिच्याच हातांनी केलं होतं.

"मीच बांधली असंन," ती रडत म्हणाली. "पण मले आठवत नाई वो."

पळी तिनं घेतली नाही.