अरुंधती दिसली का?

जपानी विमानांच्या धास्तीने मुंबईने रात्रीचे दिवे झाकून घेतले, आणि बेचाळीस सालच्या त्या फाल्गुनात शहरातल्या लोकांना डोक्यावर आभाळ असल्याचा शोध लागला. कॉलेजच्या वसतिगृहातली पोरं जेवणं आटोपली की गच्चीवर चढत आणि आभाळात बोटं खुपसत. त्यांचा पुढारी होता ठाण्याचा कमळाकर. त्याच्या घरी तीन पिढ्या पंचांगाची उठाठेव, त्यामुळे तारे म्हणजे आपल्या परसातली झाडं असा त्याचा तोरा.

"हे सप्तर्षी," तो म्हणाला. "शेपटीतला मधला तो वसिष्ठ. आणि त्याला चिकटून बारीकशी आहे ना, ती अरुंधती."

"दिसली, दिसली," करत पोरं पुढे झाली. महिपतने डोळे ताणले, बारीक केले, चोळले. त्याला अरुंधती दिसली नाही. वसिष्ठसुद्धा त्याला पिंजलेल्या कापसासारखा दिसत होता. पण तारे असेच पिंजलेले असतात, अशी त्याची लहानपणापासूनची समजूत होती.

"दिसली का रे तुला?" कमळाकरने विचारलं.

"दिसली की!" महिपत म्हणाला, आणि जिना उतरून खाली येऊन खाटेवर पडला. त्याने डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं.

आता कोणी म्हणेल, एवढंसं ते चांदणं, दिसलं नाही तर नाही दिसलं. पण महिपत मुरबाड तालुक्यातला, धसईच्या पलीकडच्या वाडीतला. ज्याला अरुंधती दिसेनाशी होते तो सहा महिन्यांच्या आत जातो, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि महिपतने तर ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तो मराठी चौथीत असताना शेजारचा लखमाबाबा एका संध्याकाळी अंगणात उभा राहून म्हणाला, "अरुंधती दिसंना झाली रे. आता मी चाललो." आणि खरंच, भात कापायच्या आत म्हातारा गेला. लखमाबाबाची ऐंशी उलटली होती आणि त्याला स्वतःची काठीही चाचपून शोधावी लागे, हा भाग पोराच्या लक्षात राहिला नव्हता.

बरं, हे बोलावं तर कोणाशी? महिपत वाडीतला पहिला कॉलेजवाला. गेल्या दिवाळीत त्यानेच भर अंगणात भुताखेतांवर आणि शकुन-अपशकुनांवर व्याख्यान झोडलं होतं. ज्या तोंडाने माणूस असलं व्याख्यान देतो, त्याच तोंडाने "मला अरुंधती दिसत नाही, मी मरणार" असं सांगता येत नाही. पुढे एकदा कमळाकर सहज म्हणाला, "तुझे डोळे तपासून घे बुवा, फळ्यावरचं वाचायला तू पहिल्या बाकावर बसतोस." महिपतला वाटलं, याला कळलंय सगळं, आता बिचारा धीर देतोय.

परीक्षा त्याने दिली खरी, पण कशीबशी. पेपर लिहिता लिहिता त्याच्या मनात येई, की याचा निकाल कोण बघणार आहे?

आणि या सगळ्यात एक गिरजा होती.

गिरजा डोळखांबकडची, राघोपाटलांची मुलगी. पौषात म्हसा गावच्या जत्रेत राघोपाटील बैल बघायला आले होते, महिपत बापाबरोबर गेला होता. व्यापारी एका बैलाची तारीफ करत होता तेव्हा बापामागे उभी असलेली ही मुलगी म्हणाली, "बाबा, ह्याला उभा काय बघता? चालवून बघा." चालवला, तर बैल लंगडा. व्यापाऱ्याचं तोंड बघून ती पदर तोंडाला लावून हसली, आणि महिपतचं कॉलेज, इंग्रजी, सगळं त्या जत्रेच्या धुळीत गेलं. माघात सुपारी फुटली. लग्न वैशाखात धरायचं ठरलं, कारण पुढे अधिक ज्येष्ठ लागत होता, आणि अधिकात कोणी लग्न करत नाही.

आता मात्र महिपतला एकच दिसत होतं. वैशाखात लग्न, आणि भाद्रपदात गिरजा पांढऱ्या कपाळाची. ज्या मुलीने एका लंगड्या बैलापासून बापाला वाचवलं, तिच्या गळ्यात आपण मेलेला नवरा बांधायचा? ते त्याच्याने होणार नव्हतं. चैत्र निम्मा सरता सरता तो घरी आला आणि पहिल्याच दिवशी त्याने सांगून टाकलं, "बा, मला लग्न करायचं नाही."

त्याचा बाप धर्मा कमी बोलणारा माणूस. तो नुसता म्हणाला, "का?"

"नाही करायचं."

"सुपारी फुटलेय."

"मोडा."

सुपारी मोडायची म्हणजे दोन्ही घरांची चारचौघांत मान खाली. त्यातून मुलीचं तर नावच पडतं, मग कोणी तिला विचारत नाही. हे महिपतला कळत नव्हतं असं नाही. पण विधवा होण्यापेक्षा ते बरं, असा हिशेब त्याने मांडला होता. त्याची आई सकुबाई मात्र हबकली. तिने मनाशी ताडलं की मुंबईत कोणी तरी आहे. हल्ली तिकडच्या मुली चपला घालून कॉलेजात जातात म्हणे.

पुढचे दिवस मोठे विचित्र गेले. महिपत सगळ्यांचा निरोप घेत हिंडू लागला, फक्त कोणाला कळू न देता. आंब्याच्या बुंध्याशी उभा राही. गाईच्या कपाळावरून हात फिरवी. येत्या मृगात पेरायचा भात आपण खाणार नाही, या विचाराने नाचणीची भाकरीही त्याला गोड लागे आणि जेवता जेवता डोळे भरून येत. सकुबाई म्हणे, "तिखाट झाला काय रे?" आणि दुसऱ्या दिवशी कालवणात मिरची कमी घाली, मग धर्मा कुरकुर करी. रात्री अंगणात पडल्यावर महिपत आभाळाकडे बघे. एवढा पसारा वर कोणासाठी मांडलाय, आणि त्यात माणसाच्या एका घराचं, एका लग्नाचं, एका ताटातल्या भाताचं मोल ते काय, असे विचार त्याच्या मनात येत. वाईट नव्हते ते विचार. मरणाऱ्या माणसाला शोभतील असेच होते. फक्त ते करता करता त्याला सपाटून भूक लागे आणि झोपही गाढ येई, याचा त्याला स्वतःचाच राग यायचा.

शेवटी धर्मा एका संध्याकाळी म्हणाला, "उद्या डोळखांबला जातो. राघोला सांगायला नको? बिचारा मांडवाच्या मेढी तोडून बसला असंल."

अमावास्या जवळ आली होती, त्यामुळे अंधार पडताच आभाळ चांदण्यांनी भरलं. तिघं अंगणात बसली होती. सकुबाई सुपात तांदूळ निवडायला घेऊन बसली होती खरी, पण तिचे हात चालत नव्हते. ती एकदम म्हणाली, "महिपत, माझ्या गळ्याची आन हाय तुला. मुंबईला कोन ती हाय ती सांगून टाक."

"कोणी नाही गं आये."

"मग गिरजेत काय खोट हाय?"

"तिच्यात नाही," महिपत म्हणाला, आणि इतके दिवस दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. "खोट माझ्यात आहे. मला अरुंधती दिसत नाही! फाल्गुनापासून दिसत नाही. मी मरणार आहे आये, आणि त्या मुलीला विधवा करून मरायचं नाही मला!"

पदवीचा विद्यार्थी आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडू लागला. सुपातले तांदूळ सांडले. सकुबाईने त्याला घट्ट धरलं.

धर्माने चिलीम खाली ठेवली.

"नाय दिसत म्हंजे कशी नाय दिसत? नीट बघितली?"

"किती वेळा बघितली बा."

"मंग मला तरी कवा दिसली?"

सकुबाईने मान वर केली. "काय म्हनलात?"

"नाय दिसली मला," धर्मा म्हणाला. "लग्नात भटानं बोट दाखवला, म्हनला दिसली का. मागं पंगत खोळंबली होती, पोरं भुकेनं रडत होती. मी म्हनलो, दिसली."

"अवो!" सकुबाईचा आवाज चिरका झाला. "तुमी दिसली म्हनलात म्हनून मी दिसली म्हनले! मला कुठं दिसली होती?"

दोघं नवराबायको अंधारात एकमेकांकडे बघत राहिली. संसाराला वीस-बावीस वर्षं झाली होती आणि त्या संसाराचा पहिलाच शब्द दोघांनी मिळून खोटा उच्चारला होता, हे त्यांना आज कळत होतं.

"मंग तुला भेव नाय वाटला?" धर्माने विचारलं.

"नाय कसा? रोज रातीला वाटायचा. म्हनलं, सहाच महिने हायत, कशाला कुनाचा मन मोडा. तुमची आय काय काय बोलायची, पन मी उलटून शबुद काढला नाय."

"म्हनून गप होतीस व्हय! मी म्हनलो, काय गरीब बायको मिळाली." धर्माने चिलीम पुन्हा उचलली. "आन सातव्या महिन्याला जे सुरू झालीस, ते अजून थांबली नाय."

"आन तुमी? तुमाला नाय भेव वाटला?"

धर्माने मान दुसरीकडे वळवली. "वाटला. मी गेल्यावर तू काय खाशील, हाच घोर. म्हनून त्या पावसाळ्यात टेकाडाखालचा माळ फोडला आन बांध घातले. एकट्यानं. वरचा खाचर म्हनतो ना आपन, तो त्याच वर्साचा. म्हनलं, भाऊबंदांनी हाकलली तरी तुझ्या नावाचा भात असंल."

सकुबाईने पदराचं टोक डोळ्यांना लावलं, ते बराच वेळ काढलंच नाही. मग म्हणाली, "आन मी तुमाला चिक्कू म्हनायचे. पहिल्या वर्साला एक लुगडा घेतला नाय म्हनून."

ते ऐकून महिपतला हसू फुटलं. रडता रडता फुटलेलं हसू आवरत नाही. तो हसला, धर्मा हसला, सकुबाई तर सूप बाजूला सारून हसू लागली. शेजारच्या अंगणातून कोणी तरी ओरडलं, "काय झाला रे धर्मा?" धर्मा म्हणाला, "काय नाय, पोरगा बरा झाला!"

महिपतच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. आयबाला दिसत नाही, मला दिसत नाही, म्हणजे ही आमच्या घरातली डोळ्यांची खोड आहे. कमळाकर अगदी सरळ मनाने बोलला होता आणि आपण ठार गाढव आहोत, हे सगळं त्याला एकदम लख्ख कळलं. स्वतःला गाढव म्हणताना इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धर्मा डोळखांबला गेलाच, पण राघोपाटलांना तिथी विचारायला.

लग्नाचा बस्ता बांधायला कल्याणला गेले तेव्हा बापलेक चष्म्याच्या दुकानात शिरले. काचा बदलता बदलता दुकानदाराने एक जोडी महिपतच्या नाकावर ठेवली, आणि समोरच्या पिंपळाला एकेक सुटं पान फुटलं. "बा, तूही घे," तो म्हणाला. धर्माने हात झटकला. "माझा बघायचा तेवढा बघून झाला. बांध दिसतो, बस झाला." घरी परतल्यावर त्या रात्री महिपतने अंगणातून वर पाहिलं. वसिष्ठाशेजारी एक नखाएवढी चांदणी होती. इतकीशी! हिच्यापायी आपण आंब्याच्या बुंध्याशी रडलो, या विचाराने त्याला एकट्यालाच लाज वाटली.

वैशाखाच्या वद्यात, गोरजमुहूर्तावर लग्न लागलं. चष्मेवाला नवरदेव बघून डोळखांबच्या बायकांनी तोंडसुख घेतलं; कोणी म्हणालं जावई आहे की मामलेदार. जेवणाआधी भटजींनी दोघांना मांडवाबाहेर काढलं आणि वर बोट दाखवलं.

"ती बघा अरुंधती. दिसली का?"

गिरजाने मुंडावळ्यांच्या आतून मान जेमतेम उचलली आणि पुन्हा खाली घातली. "दिसली," ती म्हणाली. भटजींना पंगतीची घाई होती, ते वळले.

महिपतने हळूच विचारलं, "खरंच दिसली?"

ती पुटपुटली, "नाय. तुमाला?"

"मला दिसली."

उपरण्याला बांधलेला तिचा शेला एकदम ताणला गेला. तिने गाठ मुठीत आवळून धरली होती. ती भीती कसली, हे महिपतला कोणी सांगायला नको होतं. त्या मांडवात ती भीती त्याच्या घरच्यांइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती.

"घाबरू नको," तो म्हणाला. "माझ्या आयला आणि बाला आजवर एकदाही दिसली नाही. ते बघ दोघं, वाढप्याशी भांडतायत."

गिरजाने बघितलं. सकुबाई कमरेवर हात देऊन काही तरी ठणकावत होती आणि धर्मा तिला मागे ओढत होता. गिरजा पदर तोंडाला लावून हसली, आणि शेल्याची गाठ तिच्या मुठीतून सुटली.

"मंग मला कवा दाखवाल?" तिने विचारलं.

महिपतने वर पाहिलं, मग तिच्याकडे.

"दाखवीन गं," तो म्हणाला. "घाई काय आहे?"