उतू न जाणारं दूध

माझ्या हातून दूध कधी उतू गेलेलं नाही. हे मी फुशारकी मारायला सांगत नाही असं म्हणणार होते, पण फुशारकीच आहे ती. मल्लेश्वरमच्या घरात बत्तीस वर्षं काढली. ताप असो, पाहुणे असोत, दूध तापत असताना मी ओट्यापासून हलले नाही. दूध वर चढायला लागलं की माझा हात आपोआप गॅसच्या बटणावर जातो. मला त्याला सांगावं लागत नाही.

आणि गृहप्रवेशाला नेमकं दूधच उतू घालवायचं असतं.

नवं घर म्हणजे राजाजीनगरातला नवव्या मजल्यावरचा फ्लॅट. जुन्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटं. "तू काय साता समुद्रापार निघाली आहेस का?" असं आमचे हे, म्हणजे विलास, महिनाभर विचारत होते. मी म्हटलं, प्रश्न मिनिटांचा नाही. तिथे माझं अंगण आहे, दारात येणारी भाजीवाली आहे, आणि वरच्या मजल्यावर घरमालकीण पद्मावतीअक्का आहेत. अक्कांचं घराणं शिवकाळापासून कर्नाटकात, त्यामुळे त्यांची मराठी निम्मी कन्नड. पण भांडायला ती उत्तम चालते. नवव्या मजल्यावर मी भांडू कुणाशी? कबुतरांशी?

शेवटी मी अट घातली. मुहूर्तावर दूध उतू गेलं तर राहीन; नाही गेलं तर अपशकुन समजायचा आणि परत जायचं. जुन्या घराची किल्ली तोवर माझ्या कमरेला. अक्कांनाही सांगून ठेवलं, आज दुपारपर्यंत नवा भाडेकरू ठरवू नका. विलास हसत "कबूल" म्हणाले. दूध काय, कुणाचंही उतू जातं, असं त्यांना वाटलं. बत्तीस वर्षं माझ्या हातचा चहा पिऊन माणसाला एवढंही कळू नये!

त्यांचा जीव अडकला होता एका पितळी पाटीत. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर यंत्रांवर दुसऱ्यांच्या नावाच्या पट्ट्या बसवल्या. भाड्याच्या घराच्या दारावर अक्कांच्या यजमानांचं नाव. आता निवृत्त झाल्यावर त्यांनी 'विलास व श्यामला शिरगावकर' अशी पाटी करून घेतली होती आणि सकाळपासून तिला दोनदा चिंच लावून घासलं होतं. दूध उतू गेलं की लावायची म्हणून स्क्रूड्रायव्हर नव्या झब्ब्याच्या खिशात तयार होता.

मुहूर्त नऊ दहा ते नऊ बेचाळीस. भटजींनी पातेल्याला हळदकुंकू लावलं, मी शेगडी पेटवली. आमची मुलगी श्वेता मोबाईल रोखून उभी राहिली. दूध वर आलं, काठाशी आलं, सगळ्यांनी श्वास रोखला आणि गॅस बंद झाला.

"आई!"

"मी नाही केला. हाताने केला."

दुसऱ्या वेळी विलासनी माझे दोन्ही हात धरून ठेवले. चारचौघांत त्यांनी माझे हात लग्नानंतर पहिल्यांदाच धरले, त्यामुळे मला जरा बरंही वाटलं. पण दूध चढलं तशी मी वाकले आणि जोरात फुंकर मारली. दूध निमूट खाली बसलं.

आता खरं सांगते. हात गेला ती सवय होती, फुंकर मात्र मी मारली. कमरेची किल्ली टोचत होती आणि मला घरी जायचं होतं. विलासनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. ते रागावले असते तर मी त्यांना पुरून उरले असते, पण त्यांनी फक्त खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि खिडकीत ठेवून दिला. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं म्हणून मला त्यांचाच राग आला.

"वहिनी, नऊ एकतीस," भटजी म्हणाले. "मला दहाला दुसरं घर आहे. एकदाच आता."

मी तिसऱ्यांदा शेगडी पेटवली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर अक्का इतका वेळ शांतपणे कॉफी पीत होत्या. त्यांनी पेला खाली ठेवला, "स्वल्प येते हं," म्हणाल्या (त्यांचं 'स्वल्प' म्हणजे आपलं 'जरा') आणि बाहेर गेल्या. समोरच्या फ्लॅटची बेल वाजलेली मी ऐकली.

"श्यामला! स्वल्प इकडं ये गं!"

"अक्का, दूध आहे!"

"दुधाला विलास आहेत की. ये म्हणते ना!"

बाहेर समोरची मुलगी उभी होती. श्रीविद्या तिचं नाव, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. तिच्या दाराशी एका कुंडीत कढीपत्त्याचं वाळलेलं काटकुळं रोप होतं.

"ही म्हणते, नवव्या मजल्यावर कढीपत्ता जगत नाही," अक्का म्हणाल्या.

जगत नाही? मी कुंडी उचलली आणि मातीत बोट घातलं. नुसता चिखल. माझ्या मोडक्या कन्नडात मी तिला विचारलं, पाणी किती वेळा घालतेस? "रोज दोनदा," ती अभिमानाने म्हणाली.

मग माझं डोकंच फिरलं. अगं, तू त्याला बुडवून मारते आहेस, म्हटलं. माती हलवायची, वरचा शेंडा खुडायचा, आठवड्यातून एकदा मुळाशी आंबट ताक घालायचं. ताक नाही? अख्खं आयुष्य पिशवीतल्या दह्यावर काढणार का? "उद्या सकाळी भांडं घेऊन ये माझ्याकडे," मी दरडावलं, "मी देते."

"उद्या?" अक्कांनी विचारलं. "कुठं?"

मी उत्तर देणार एवढ्यात आतून चर्र आवाज आला, करपल्या दुधाचा वास आला आणि श्वेता ओरडली, "गेलं! आई, गेलं!"

माझा हात उठला. खरंच उठला. पण त्या हातात कुंडी होती.

मी कुंडीसकट आत धावले. दूध ओट्यावरून फरशीवर ओघळत होतं, भटजी घड्याळ दाखवत होते, नऊ एकोणचाळीस, आणि विलास लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. गॅस बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. तो शेवटी मीच केला.

"त्र्याण्णव सालीही असंच," अक्का दारातून म्हणाल्या. "आलीस त्या दिवशी. मी मराठी बोलले म्हणून जिन्यात अशी बोलत बसलीस की दूध उंबऱ्यापर्यंत आलं."

ते मी विसरले नव्हते. मोजत नव्हते, इतकंच. त्या दिवशीही मला घरी, कराडला, परत जायचं होतं. मला एकदम रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. कमरेची किल्ली काढून अक्कांच्या हातावर ठेवली. विलास खिडकीतला स्क्रूड्रायव्हर उचलून दाराकडे पळाले.

"अक्का, जरा ते फडकं द्या ना," नेहमीच्या सवयीने मी म्हटलं.

अक्कांनी फडकं दिलं नाही. त्या किल्ली पदराला बांधत होत्या.

"त्या वेळी मी पुसले होते. माझं घर होतं," त्या म्हणाल्या. "हे तुझं. तू पूस."