वाढत्या अंगाचा रॉड

श्रीरंगच्या पोटात दुखायला लागलं ते एका माशामुळे. खाल्ला असता तर गोष्ट वेगळी. इथे तो नुसता फोनवर पाहिला होता. वीतभर ट्राउट, अंगावर लाल ठिपके, आणि तो ओल्या तळहातावर धरून हसणारी त्याची मुलगी अंतरा. आपल्याकडे बघून ही अशी कधी हसली होती, ते श्रीरंगला काही केल्या आठवेना. फोटो काढणारा अर्थातच बाळ. फोटोच्या कोपऱ्यात त्याचं अर्धं बोट आलं होतं, तर श्रीरंगला ते बोटसुद्धा सहन होईना.

आता बाळ काही परका नव्हता. दोघं एका खोलीत राहून, एकाच कुकरमध्ये वरण-भात लावून अमेरिकेत रुजले. श्रीरंग इंजिनिअर म्हणून हर्नडनला स्थिरावला, बाळ भूल देणारा डॉक्टर झाला आणि तोही दोन रस्ते सोडून राहायला आला. आता दोघंही रिटायर. बाळची बायको सुलेखा गेली आणि तो दर शनिवारी ब्लू रिजच्या डोंगरातल्या कुठल्याशा ओढ्यावर एकटाच ट्राउट धरायला जाऊ लागला, तेव्हा अंतराला ‘जात जा गं त्याच्याबरोबर, एकटा पडलाय बिचारा’ असं सांगणारा कोण? हाच श्रीरंग! आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा, दुसरं काय. अंतरा दया म्हणून एकदा गेली, दोनदा गेली, मग दयाबिया संपली आणि तिला चटकच लागली. आता ती वकीलबाई आठवडाभर बापाचा फोन ‘बाबा, मीटिंगमध्ये आहे’ म्हणून कट करायची आणि शनिवारी बाळकाकाच्या दारात गाडी घेऊन हजर असायची.

मग तूही जा की, असं नीला म्हणायची. नीला ही श्रीरंगची बायको, आणि त्या घरातली सगळी अक्कल तिच्याकडे होती. पण बोलावल्याशिवाय जायचं कसं, असा याचा बाणा. खरं सांगायचं तर अंतराने सुरुवातीला त्यालाही विचारलं होतं. तेव्हा हा म्हणाला होता, मासा धरायचा आणि पुन्हा सोडून द्यायचा, तर मुळात धरायचा कशाला? हे वाक्य त्याला इतकं आवडलं की त्याने ते मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणातही दोन टेबलांवर ऐकवलं. अंतरा तिथेच होती. तिने पुन्हा विचारलं नाही.

तर त्या फोटोनंतर श्रीरंगच्या डोक्यात आलं की अंतराकडे मासे धरायचा स्वतःचा रॉड कुठे आहे? बाळचाच एक जुना, आखूड, मधाच्या रंगाचा बांबूचा रॉड ती वापरते. वाढदिवस ऑगस्टमध्ये येतोय. आपण तिला असा रॉड द्यायचा की बाळची ती काठी माळ्यावरच जायला हवी. नीलाला त्याने ‘मुलीच्या छंदाला उत्तेजन’ असं काहीतरी सांगितलं. ती म्हणाली, तुला जळफळाट म्हणायचंय.

श्रीरंगची खरेदी म्हणजे खरेदी नसते, पीएचडी असते. पहिली टोयोटा त्याने अशीच घेतली होती, घराचं छप्पर असंच घातलं होतं. महिनाभर त्याने व्हिडिओ पाहिले, एक्सेलमध्ये रॉड मांडले. रॉडना नंबर असतात, नंबर मोठा तसा दोर जड आणि मासा मोठा. काही रॉड ताठ, काही लवचीक. लहान ओढ्यावर, तरंगत्या माशीने ट्राउट धरायचा तर आखूड, मऊ, लहान नंबराचा रॉड घ्या, असं जागोजागी सांगितलं होतं. माशी म्हणजे पिसांची आणि दोऱ्याची खोटी माशी. ती पाण्यावर खऱ्या किड्यासारखी अलगद टेकली पाहिजे, म्हणजे मासा फसून वर येतो. हे सगळं श्रीरंगने वाचलं आणि लिंबूटिंबूंसाठी असेल म्हणून सोडून दिलं.

कारण त्याचं एक तत्त्व होतं. कुठलीही वस्तू घ्यायची ती वाढत्या अंगाची. अंतरा तिसरीत असताना त्याने तिला हिवाळ्याचा कोट घेतला तो असा, की दोन वर्षं ती बाह्या दुमडून शाळेत गेली आणि कोट अंगाला बसायला लागला तेव्हा त्याची चेन तुटली. सायकल अशी की पाय पोचेनात. बूट, स्वेटर, रेनकोट, सगळं तसंच. ‘पुढे पुरेल’ हे शब्द त्या पोरीने बाराखडीच्या आधी शिकले असतील. मग रॉड तरी आजच्या ओढ्यापुरता का घ्यायचा? उद्या ती मोंटानाच्या मोठ्या नद्यांवर जाईल. बाळने तिला ओढ्यात ठेवलंय, आपण तिला नदीवर नेऊ, असा त्याचा हिशेब होता.

दुकानात त्याने आपली सगळी माहिती ओतली. दुकानदाराने ती ऐकून घेतली आणि एकच विचारलं, मुलगी मासे कुठे धरते?

श्रीरंगला माहीत नव्हतं. दर शनिवारी आपली मुलगी जिथे जाते त्या ओढ्याचं नाव त्याला माहीत नव्हतं. फोन खिशात होता. पण बाळला विचारायचं, त्यापेक्षा याच दुकानातल्या जाळ्यात अडकून पडलेलं बरं. आणि अंतराला विचारलं तर सरप्राईज फुटलं असतं; निदान त्याने स्वतःची समजूत तशी घातली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. मोठी नदी आहे, मासेही मोठे असतात, असं त्याने छाती पुढे काढून ठोकून दिलं. दुकानदाराने मोठ्या नदीचा रॉड काढून दिला, नऊ फुटी, सहा नंबरचा, ताठ. बाहेर पार्किंग लॉटमध्ये श्रीरंगने तो हवेत सपकन फिरवला तेव्हा त्याला फार दिवसांनी तरुण वाटलं.

वाढदिवसाला अंतराने हिरव्या नळीतून रॉड काढला, जोडला, मागच्या लॉनवर उभी राहून दोर फेकला. तो थेट शेजाऱ्यांच्या कुंपणाला जाऊन लागला. “वॉव, बाबा,” ती म्हणाली आणि तिने त्याला मिठी मारली. बाळ केक खायला आलाच होता. त्याने रॉड हातात घेतला, एकदा हलवून पाहिला, ‘जोरदार आहे रे’ म्हणाला आणि परत दिला. झोंबल्या याला मिरच्या, असं श्रीरंग मनात म्हणाला, आणि त्या रात्री तो घोरत झोपला.

पण पुढच्या शनिवारच्या फोटोत मासा होता, हसू होतं, आणि मागे गवतात पडलेला रॉड मधाच्या रंगाचा होता. त्याच्या पुढच्या शनिवारीही तोच. श्रीरंग चष्मा कपाळावर चढवून फोटो बोटांनी ताणून ताणून बघायचा. नीला म्हणाली, ताणून रंग बदलणार नाही. एकदा त्याने अगदी सहज विचारल्यासारखं अंतराला विचारलं, कसा चालतोय रॉड? ती म्हणाली, छान आहे, बाबा. आणि लगेच आईकडे वळून तिने भाजीची रेसिपी विचारली. ही मुलगी जन्मात कधी भाजी करत नाही.

आपला रॉड चुकला, हे त्याला आतून कळत होतं. व्हिडिओतली ती अलगद टेकणारी माशी त्याला रोज दिसत होती. पण मत्सराला शहाणपण शिकवायचं कुणी? त्याच्या डोक्यात एकच चक्र फिरायला लागलं. बाळनेच नाकं मुरडली असतील. बाळनेच सांगितलं असेल, तुझ्या बापाला काय कळतंय यातलं. पोरगी माझी, कोट मी घेतले, सायकल मी धरून पळालो, आणि हा आयता येऊन तिच्या शेजारी उभा राहतो.

आता सगळी आशा दसऱ्यावर होती.

अमेरिकेत दसरा शनिवारी येतो, पंचांगात कधीही असो. त्या दिवशी श्रीरंगच्या घरी शस्त्रपूजा असते. पाटावर नीलाची नागपूरहून आणलेली विळी, श्रीरंगचा पाना, घरच्या गाड्यांच्या किल्ल्या, आणि अंतराचं जे काही त्या वर्षीचं हत्यार असेल ते. लहानपणी तिने व्हायोलिन ठेवलं होतं. पूजेला ठेवलेली वस्तू त्या दिवशी वापरायची नसते, असं श्रीरंगने तिला मोठ्या कौतुकाने शिकवलं, आणि त्या कार्टीने ते व्हायोलिन दिवाळीपर्यंत पाटावरून हलू दिलं नाही. प्रॅक्टिस बंद! तो किस्सा श्रीरंग अजून सांगतो. गेली काही वर्षं ती लॅपटॉप ठेवायची. यंदा मात्र ती रॉड ठेवणार होती, तसं तिनेच फोनवर सांगितलं. कुठला, ते विचारायची श्रीरंगची छाती झाली नाही.

बाळ दरवर्षीप्रमाणे जेवायला होताच. अंतरा आली. तिच्या खांद्याला हिरवी नळी होती.

श्रीरंगने तो नऊ फुटी रॉड पाटावर आडवा ठेवला तर तो दोन्हीकडून बाहेर आला. मग चार तुकडे सुटे करून ठेवले. त्याने प्रत्येक तुकड्याला गंध लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि मान वर करून बाळकडे पाहिलं. बाळ हात जोडून उभा होता. त्याचा चेहरा पडलाय की नाही, ते नीट दिसेना, पण पडलाच असणार, असं श्रीरंगने ठरवून टाकलं. जेवताना तो इतका उदार झाला की बाळच्या पानात त्याने स्वतःच्या हाताने दोनदा श्रीखंड वाढलं.

जेवणं झाली. बाळ ओढ्यावर निघायचं म्हणून बाहेर अंतराच्या गाडीत जाऊन बसला. अंतरा दारात बसून बुटांच्या नाड्या बांधायला लागली, आणि तिच्या शेजारी भिंतीला टेकून मधाच्या रंगाचा रॉड उभा होता.

“अगं, रॉड राहिला,” श्रीरंग म्हणाला.

“बाबा, पूजेला ठेवलेलं आज वापरायचं नसतं,” अंतरा म्हणाली. “तूच शिकवलंयस.”

ती हे चेष्टेने म्हणाली नाही. अगदी मऊ आवाजात म्हणाली, आजारी माणसाशी बोलावं तसं. श्रीरंगला व्हायोलिन आठवलं. ही पोरगी पाटावर काय ठेवते, ते त्याला आत्ता कळलं. फुलं वाहून घेतली की बापही खूश आणि ती वस्तूही हातात घ्यायला नको. दोन महिने तिने ‘छान आहे’ म्हणत बापाची मर्जी सांभाळली होती, दुमडलेल्या बाह्यांनी शाळेत जायची तशीच. आणि बाळची मर्जी तिला कधी सांभाळावी लागत नव्हती. तिथे ती नुसती हसत होती. हे त्याला कुठल्याही फोटोपेक्षा जास्त लागलं.

नीला स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. आता हा काहीतरी टोचून बोलणार, असं तिला वाटलं. त्यालाही तसंच वाटत होतं. जिभेवर आलंही होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“कुठल्या ओढ्यावर जाता गं तुम्ही?”

अंतराचे हात नाडीवर थांबले. तिने वर पाहिलं.

“तू कधी विचारलंच नाहीस, बाबा.”

“आता विचारतोय.”

तिने नाडी ओढून गाठ मारली. मग म्हणाली, “सांगून नाही कळणार. जुने बूट घाल, भिजतील.”

श्रीरंगने लॉन कापायचे बूट चढवले. नीलाने त्याच्या हातात स्वेटर दिला. गाडीपाशी पोचेपर्यंत बाळने त्याला पाहिलं होतं. तो काही न विचारता पुढच्या सीटवरून उतरला, अंतराच्या हातातला रॉड घेतला आणि तो गुडघ्यांवर आडवा धरून मागे जाऊन बसला. अशा वेळी ‘अरे बस रे, बस तूच पुढे’ असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. उभ्या जन्मात श्रीरंगने ती कधी मोडली नव्हती.

तो पुढे बसला. सीट बाळच्या लांब पायांच्या मापाने पार मागे गेलेली होती, कित्येक शनिवारांची तिथेच रुतून बसलेली. श्रीरंगने खाली हात घालून खटका शोधला, जोर लावला आणि सीट आपल्या मापाला ओढून घेतली.