जांघेतली वालाएवढी गाठ

मित्रांनो, मी एक जुनी गाठ आहे. दोरीला पडते ती नव्हे. माणसाच्या अंगात असते ती, लसिका गाठ. आकाराने वालाच्या दाण्याएवढी. जयमाला नावाच्या मुलीच्या उजव्या जांघेत, कातडीखाली माझे घर आहे.

रक्तवाहिन्यांतून थोडे पाणी सतत बाहेर पाझरत असते. ते गोळा करून परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्या अंगभर पसरल्या आहेत. त्यांतल्या पाण्याला लसिका म्हणतात. वाटेवर आम्ही गाठी बसलेल्या: मानेत, काखेत, पोटात, जांघेत. पाण्याबरोबर आलेले जंतू आम्ही अडवतो आणि आमच्यातल्या पांढऱ्या पेशी त्यांचा समाचार घेतात. गाळलेली लसिका छातीतून वर चढते आणि गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत रक्ताला मिळते. आतड्यातल्या नळ्या तर जेवणातले तेलतूपही वाहून नेतात!

रक्ताला ढकलायला हृदय आहे. आम्हाला तसे कोणी नाही. माणूस हलला, की स्नायू नळ्यांना दाबतात आणि लसिका पुढे सरकते. आत झडपा आहेत, म्हणून ती मागे फिरत नाही. आणि जयमाला तर लंगडीत पटाईत! ती उजव्या पायावर उड्या मारत निघाली, की माझ्याकडे लसिकेचा लोंढा येई. काय आनंदाचे दिवस होते ते!

१९७८ साली ती दहा वर्षांची होती. तिचे वडील मारोती परभणीकडून तुर्भ्याच्या कारखान्यात कामाला आले होते. वाशीतल्या तिच्या शाळेचे मैदान खाडीत भराव टाकून केलेले. शाळाशाळांचा लंगडीचा सामना तोंडावर आला होता. सराव करताना एका उडीसरशी मातीतली कालवाची शिंप तिच्या टाचेत घुसली. तिने ती उपटून फेकली आणि गप्प बसली. सांगितले असते, तर संघातून नाव गेले असते.

टाचेतून जंतू निघाले, ते थेट माझ्या दारात. मी त्यांना अडवून धरले. झुंजता झुंजता सुजून सुपारीएवढी झाले आणि ठणकू लागले.

तिची आई रखमा हिला पोरीची वाकडी चाल दिसली. तिने शेजारच्या बायजाबाईंना बोलावले. बायजाबाई जुन्या वाशी गावातल्या.

"अवधान आलाय गो," त्या म्हणाल्या. जांघेत सुजलेल्या गाठीला त्या अवधान म्हणत. "बिब्बा तापव. चटका दिला का बसंल गाठ."

रखमाने बिब्बा तापत ठेवला. माझे धाबे दणाणले. मलाच डागले, तर जंतूंना अडवणार कोण? तापलेला बिब्बा जवळ आला, तशी जयमाला ओरडली, "आये, गाठीला नको! टाचंत शिंप घुसलीवती!"

रखमाने पाय उचलून पाहिला. टाच फुगलेली, आणि तिथून एक लाल रेघ गुडघ्याकडे चढलेली. बिब्बा तिथेच टाकून तिने पोरीला कडेवर घेतले आणि दवाखाना गाठला.

डॉक्टर सुचित्रा यांनी मला हलक्या बोटांनी चाचपले.

"गाठीला डागू नका हो," त्या रखमाला म्हणाल्या. "ती तर तुमच्या मुलीसाठी लढतेय. दुखणं पायात आहे."

त्यांनी टाचेत मोडून राहिलेला शिंपेचा तुकडा काढला, जखम धुतली, सुई टोचली.

"आणि मॅच?" जयमालाने रडवेल्या आवाजात विचारले.

"बघायची. खेळायची नाही."

सामन्याच्या दिवशी ती बाकावर पाय लांब करून बसली. तिच्या जागी मीना खेळत होती. "मीने, डावीकडे! डावीकडे पळ!" जयमालाने ओरडून घसा बसवला. शाळा जिंकली आणि पोरींनी तिलाच खांद्यावर घेतले. घरी आल्यावर रखमाने माझ्यावरून हळूच हात फिरवला. मी पुन्हा मऊ झाले होते. "लई राखलंस गं माझ्या पोरीला," ती म्हणाली. एवढे कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आले नाही.

पुढल्या वर्षी जयमाला मैदानात उतरली आणि तिने समोरचे निम्मे गडी एकटीने बाद केले. १९८७ पासून ती सानपाड्याच्या शाळेत खेळाची शिक्षिका आहे. अजूनही मुलांबरोबर उड्या मारते, आणि मी इथे न्हाऊन निघते.

मित्रांनो, गाठ सुजली तर तिला चेपू नका, डागू नका. जवळपास जखम आहे का ते पाहा, असेल तर ती धुवा आणि डॉक्टरांकडे जा. न दुखता वाढत राहणारी गाठही दाखवा. लागले असेल तर लपवू नका, कारण आम्हाला तोंड नाही. सुजणे हीच आमची हाक. आणि बरे वाटले, की खुशाल हुंदडा. तुमच्या प्रत्येक उडीची आम्ही अंगभर वाट पाहत असतो.