परीक्षेतला पर्यटक

पर्यटक माहिती केंद्रांची परीक्षा घेणं हे माझं काम. रांगेत उभं राहायचं, ठरलेला अवघड प्रश्न विचारायचा, पण आपली ओळख द्यायची नाही. दिली तर ती भेट बाद, गुण शून्य. बसस्थानकासमोरच्या या केंद्राला मागच्या वेळी कमी गुण पडले होते. याही वेळी पडले तर कुलूप लागणार होतं. आज परीक्षक येणार याची कुणकुण त्यांना लागलेली, हे काउंटरवरच्या बाईंच्या हसण्यावरूनच कळत होतं.

माझ्यापुढचा माणूस घामाघूम झाला होता.

"माझी आई हरवलीय. निळी शाल आहे अंगावर. तिला काही आठवत नाही हो. मी पाणी घ्यायला वळलो, तेवढ्यात..."

"आपलं स्वागत आहे. शहरात पहिल्यांदाच आलात?"

"अहो बाई, आई हरवलीय!"

"काळजी करू नका." त्यांनी नकाशा उलगडून पोलीस चौकीभोवती सुबक गोल काढला. "चालत जाणार की टॅक्सीनं? दोन्ही रस्ते सांगते."

मागून कुणीतरी म्हणालं, "इथं माहिती मिळते राव, आया नाही मिळत."

"तुम्ही हसताय काय?" तो बाईंवर ओरडला. त्या आणखीच गोड हसल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चिडलेल्या पर्यटकाशी शांतपणे बोलण्याला आमच्याकडे वेगळे गुण असतात. बाईंना तोच परीक्षक वाटत होता.

मी बोलले तर केंद्र जाणार. मी घुटमळले. काचेबाहेर एक बस सुटली.

"परीक्षक मी आहे," मी म्हणाले. "यांची आई खरंच हरवलीय."

"अगं बाई गं!" नकाशा टाकून त्या समोरच्या तिकीट खिडकीकडे धावल्या. आम्ही त्यांच्या मागे.

"दादा, निळ्या शालीची आजी पाहिली?"

"तळ्याच्या बसमध्ये बसली की. आत्ताच गेली बस. लेक पुढे गेलाय म्हणाली."

आजींचा मुलगा रस्त्यावर धावला आणि तसाच परत आला. कुठल्या दिशेनं धावायचं हेच त्याला माहीत नव्हतं.

ड्रायव्हर फोन उचलेना. तळ्याच्या थांब्यावरच्या टपरीवाल्याला बाईंनी फोन करून विनवलं, "बस आली की आजींना धरून ठेव. पाण्याकडे जाऊ देऊ नकोस, भाऊ."

आम्ही त्या फोनकडे बघत उभे राहिलो. मुलगा एकसारखा म्हणत होता, "पाणी तिनंच मागितलं होतं."

फोन वाजला.

"बस आली. आजी नाहीत, ताई. सीटवर नुसती शाल आहे."

मधल्या कुठल्या तरी थांब्यावर आजी उतरल्या होत्या. बाईंनी केंद्रातून दुसरा नकाशा आणला, एकेका थांब्यावर फुली मारली आणि थांबे तिघांत वाटून टाकले. मग स्वतःच केंद्राचं शटर खाली ओढलं.

मी माझ्या वाटच्या थांब्याकडे पळत सुटले. आजींची मला एकच खूण माहीत होती, ती शाल. आणि ती आता त्यांच्या अंगावर नव्हती.